हाड परत येतं!

गेले काही महिने मी भेटेल त्याला थांबवून एकच गोष्ट सांगते आहे. भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत. गोष्ट अशी की, जबड्यातलं झिजून गेलेलं हाड परत आणता येतं. आपल्याच पेशींनी रचलेलं, आपल्याच रक्तावर पोसलेलं, घास चावताना दाब सोसणारं खरंखुरं हाड! आणि तसं हाड हे लिहीत असताना माझ्या तोंडात, वरच्या डाव्या बाजूला आहे. मला हे कुणी आधी का सांगितलं नव्हतं? निदान तुम्हाला तरी मी सांगणारच.

वरची डावी मोठी दाढ जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवून वर दात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचं ठरवून पुण्यातल्या एका दंतवैद्य बाईंकडे गेले, तर त्यांनी आधी सीबीसीटी काढायला पाठवलं. जबड्याचा हा त्रिमितीय स्कॅन त्यांनी पडद्यावर उघडला आणि माऊसनं एकेक काप पुढं सरकवत नेला. हिरडीच्या वर पांढरट पट्टी, आणि त्या पट्टीच्या वर भलीमोठी काळी पोकळी. "काकू, ही पट्टी म्हणजे तुमचं उरलेलं हाड. चार मिलिमीटर आहे. इम्प्लांटला आठ-दहा तरी पाहिजे. वरचं काळं दिसतंय ते सायनस, नुसती हवा."

"मग बाकीचं हाड गेलं कुठं?" मी विचारलं. त्या प्रश्नाच्या उत्तरानं मला जे वेड लावलं ते अजून उतरलेलं नाही.

हाड आपण दगडासारखं समजतो. पण हाडात रात्रंदिवस काम चालू असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्याच जागी नवं हाड घालतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो! आणि कुठं घालायचं, कुठून काढायचं, हे ठरतं भारावर. बर्लिनच्या युलिउस वोल्फ या शल्यचिकित्सकानं 1892 मध्ये हा नियम मांडला: हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण होते, भार गेला की हाडही ओसरतं. दात असतो तोवर प्रत्येक घासाचा दाब मुळावाटे हाडाला पोचतो. दाताचं मूळ हाडाला सरळ चिकटलेलं नसतं, बरं का. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतक्या फटीत असंख्य तंतू ताणलेले असतात, दात त्यांच्यावर तोललेला असतो. ते तंतू ज्या पातळ हाडात रोवलेले असतात ते हाड असतं दाताच्या आधारानं. दात काढला की त्याचं प्रयोजन संपतं आणि शरीर ते काढून घेतं. समोरच्या दातांची बाहेरची भिंत तर पुष्कळांची एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. ती आधी जाते.

किती लवकर? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. पहिल्या तीन महिन्यांत! जखम भरली, दुखायचं थांबलं, आपण शेंगदाणे खायला लागलो, आणि आत हाड पसार होतंय. वरच्या दाढांच्या बाबतीत आणखी एक भर पडते: वरून सायनसची पोकळी मोकळ्या जागेत खाली उतरत येते. माझी चार मिलिमीटरची पट्टी अशी दोन्हीकडून झिजली होती.

पण जे हाड असं जातं ते बोलावलं तर परत येतं, ही त्याच नियमाची दुसरी बाजू. आणि ती कळायला एका सशाचा पाय कारणीभूत झाला, हे वाचलं तेव्हा मी रात्री झोपलेल्या यजमानांना उठवून सांगितलं. 1952 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक हाडातला रक्तप्रवाह जिवंतपणी पाहायचा प्रयत्न करत होता. त्यासाठी त्यानं सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीकशी खिडकी बसवली. अभ्यास झाल्यावर ती काढून पुन्हा वापरायची होती. निघेना! हाड धातूला असं जखडून बसलं होतं की दोन्ही वेगळे होईनात. टायटॅनियम हवेत आलं की त्याच्यावर क्षणात ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो, आणि हाडाच्या पेशी त्या थराला परकं मानत नाहीत. दुसऱ्या कुणी वैतागून दुसरा धातू घेतला असता. ब्रोनेमार्कनं त्या न निघण्याचाच पिच्छा पुरवला.

1965 मध्ये योस्ता लार्सन या माणसाला त्यानं पहिली इम्प्लांट्स बसवली. लार्सनचा टाळू जन्मापासून दुभंगलेला, जबड्याची ठेवण बिघडलेली. खालच्या जबड्यात चार स्क्रू बसले, त्यांच्यावर दात बसले, आणि 2006 मध्ये लार्सन वारला तेव्हाही ते जागेवर होते. चाळीस वर्षांच्या वर! तरी दंतवैद्यकाच्या जगानं ब्रोनेमार्कला बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. 1982 मध्ये टोरंटोला परिषद भरली, तिथं त्यानं आपले पुरावे ठेवले, आणि मग वारं फिरलं.

त्याच 1965 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यतज्ज्ञानं दुसराच चमत्कार केला होता. त्यानं हाडातली खनिजं आम्लानं काढून टाकली आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, जिथं हाडाचा संबंधच नाही. तिथं नवं हाड तयार झालं! हाडाच्या आत असं काही असतं जे आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला भाग पाडतं, हे त्यातून कळलं. पुढं ती प्रथिनं वेगळी काढली गेली. एकाच वर्षी एका टोकाला हाड धातूला धरतं याचा माणसावर प्रयोग, दुसऱ्या टोकाला हाड हाडाला जन्म देतं याचा शोध. आज माझ्या तोंडात ते दोन्ही शोध एका दाढेच्या जागेत येऊन भेटले आहेत, या कल्पनेनं मी अजून हरखते.

आता ग्राफ्ट, म्हणजे गेलेल्या हाडाच्या जागी घालतात ते दाणे. माझी समजूत होती की खड्डा पडलाय, त्यात काहीतरी भरतात, सुकलं की झालं. तसं नाहीच मुळी! ग्राफ्टचे दाणे म्हणजे वेलीसाठी घातलेला मांडव. मांडव वेल नव्हे. रक्तवाहिन्या त्या दाण्यांच्या फटींतून वाट काढत शिरतात, त्यांच्यामागून हाड घालणाऱ्या पेशी येतात, दाण्यांच्या अंगाखांद्यावर नवं हाड चढत जातं, आणि काही प्रकारच्या ग्राफ्टमध्ये मूळ दाणे हळूहळू विरून जातात.

दाणे कशाचे, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, आणि प्रत्येक रुग्णाला ते असंच सांगितलं गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पहिला पर्याय स्वतःचं हाड: हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून काढलेलं. जिवंत पेशींसकट मिळतं, म्हणून ते सर्वांत सरस. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. दुसरा, दान केलेलं मानवी हाड. तिसरा, प्राण्याचं हाड. जगभर सर्वांत जास्त वापरलं जातं ते गाईबैलांच्या हाडापासून बनवलेलं. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून नुसता खनिज सांगाडा ठेवतात. तो फार सावकाश विरतो, म्हणून आकार टिकवायला उत्तम. चौथा, कारखान्यात बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट किंवा जैवकाच. आपल्याकडे तिसऱ्या पर्यायाला श्रद्धेपोटी नाही म्हणणारे पुष्कळ असणार आणि त्यांना तो हक्क आहे. डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं नाही तर विचारायचं: "हे कशापासून बनलंय?" संकोच कसला त्यात?

दुसऱ्या पर्यायाबद्दल ऐकलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी आहे, 1988 पासून. दात्यांकडून मिळालेली हाडं तिथं तपासतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सगळ्या चाचण्या होतात. मग ती स्वच्छ करून, गोठवून कोरडी करतात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. ते किरण कुठले? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड प्रकल्पातले, तो 1974 मध्ये सुरू झाला. म्हणजे कोणा अनोळखी माणसानं दिलेलं हाड, परळला साफ झालेलं, तुर्भ्याला कोबाल्टच्या किरणांतून गेलेलं, एका छोट्या कुपीतून माझ्यापर्यंत येणार! नेत्रदान, रक्तदान, किडनीदान याबद्दल आपण बोलतो. अस्थिदानाबद्दल कुणी बोलतं का? मी तोच पर्याय निवडला, आणि त्या दात्याचं नाव मला कधी कळणार नाही याची हुरहुर आजही आहे.

शस्त्रक्रियेचं नाव सायनस लिफ्ट. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम या दंतवैद्यानं सत्तरच्या दशकात ती सुरू केली. जबड्याच्या बाहेरच्या भिंतीत छोटी खिडकी करायची. आत सायनसचं अस्तर असतं, पुष्कळदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. ते न फाटू देता बोथट हत्यारानं अलगद सोडवून वर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत ग्राफ्ट ठेवायचा. माझा विश्वास बसेना. त्याहून कमाल म्हणजे स्वीडनच्याच संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की अस्तर नुसतं उचलून धरलं आणि खाली फक्त रक्ताची गुठळी राहू दिली तरी हाड तयार होतं. शरीराला जागा हवी, रक्त हवं आणि त्या जागेत कुणी ढवळाढवळ करायला नको.

त्या दिवशी आधी माझ्या दंडातून रक्त काढलं. नळ्या लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा तळाला लाल, वर पाणी, मधोमध पिवळसर गाठ. तिला पीआरएफ म्हणतात. जोसेफ शूक्रून या फ्रेंच डॉक्टरनं 2001 मध्ये ही पद्धत आणली. फायब्रिनची जाळी, तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी. बाहेरचं औषध एक थेंब नाही. तिचे तुकडे हाडाच्या दाण्यांत मिसळले तसे ते सैल दाणे एकमेकांना धरून राहिले. वरून एक मेम्ब्रेन झाकलं, कारण हिरडीच्या पेशी भराभर वाढतात आणि हाडाच्या पेशी सावकाश. पडदा घातला नाही तर हिरडी आधी घुसून हाडाची जागा बळकावते. इतकी साधी कल्पना, आणि तिच्यावर केवढं शास्त्र उभं राहिलंय!

दुखलं नाही. भुलीचं इंजेक्शन टोचलं तेवढंच. नंतर गाल सुजला आणि काही पथ्यं पाळायला लागली: नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही. आत नुकतंच उचललेलं अस्तर असतं, हवेचा दाब त्याला सोसत नाही.

मग वाट पाहणं. अशा ग्राफ्टला साधारण सहा ते नऊ महिने देतात. आणि त्यानंतर आला तो दिवस ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. इम्प्लांटसाठी छिद्र पाडताना ड्रिल हळू फिरवतात आणि त्यावर गार सलाईन सोडत राहतात, कारण हाड 47 अंश सेल्सियसवर मिनिटभर जरी तापलं तरी त्याला इजा होते. स्वीडिश संशोधकांनी 1983 मध्ये ही मर्यादा शोधली. जिथं मागच्या स्कॅनमध्ये नुसती हवा होती तिथं ड्रिल शिरलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "काकू, हाताला हाड लागतंय. आणि रक्त येतंय, बघा." रक्त! म्हणजे रक्तवाहिन्या पोचल्या होत्या, हाड जिवंत होतं! ड्रिलच्या खाचांत अडकलेला लालसर चुरा त्यांनी मला दाखवला. ते माझं हाड होतं. तोंडात नळ्या असताना ओरडता येत नाही, नाहीतर मी ओरडले असते.

माझं सगळं चित्त हाडावर लागलेलं. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून हिरडीबद्दलच बोलायला लागल्या, आणि या विषयाचा दुसरा अर्धा भाग माझ्यासमोर उघडला. हाड आणणं ही एक गोष्ट. ते वीस-तीस वर्षं राखणं हिरडीच्या हातात आहे.

दाताच्या भोवती हिरडीतले तंतू थेट मुळाच्या पृष्ठभागात शिरलेले असतात. इम्प्लांटला तसं मूळ नाही. तिथं तंतू धातूला समांतर धावतात, त्याच्यात रुजत नाहीत. दाताभोवतीच्या तंतूंच्या फटीतून हिरडीला जे जास्तीचं रक्त मिळतं तेही इम्प्लांटपाशी नाही. म्हणून कीटण साचून जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांटभोवती तो दातापेक्षा वेगानं खाली उतरतो. आधी नुसती हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सफाई केली की सगळं पूर्ववत होऊ शकतं. दुर्लक्ष झालं तर हाड झिजायला लागतं, त्याचं नाव पेरीइम्प्लांटायटिस. आणि बहुतेकदा ते दुखत नाही! टायटॅनियमला कीड लागत नाही, म्हणून इम्प्लांट लावलं की निश्चिंत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

बारकावेसुद्धा किती सुंदर आहेत! हिरडीत दोन प्रकार असतात: दाताला लागून फिकट गुलाबी, घट्ट, न हलणारी, आणि तिच्या पलीकडे लालसर, सैल, गालाबरोबर हलणारी. इम्प्लांटभोवती घट्ट हिरडीची निदान दोन मिलिमीटर पट्टी असली तर ब्रश करताना दुखत नाही, सफाई नीट होते, कडा टिकून राहते. ती नसेल तर टाळूवरून हिरडीची चकती काढून तिथं लावतात. माझ्या वहिनींच्या खालच्या इम्प्लांटपाशी हे करून घेतलं, आणि ज्या जागेला त्या ब्रश लावायला घाबरत तिथं आता बिनधास्त घासतात. हिरडीची जाडीही महत्त्वाची. जंतूंना अडवायला शरीराला हाडाच्या वर तीनेक मिलिमीटर मऊ ऊतीचा अटकाव लागतो. हिरडी पातळ असली तर ती उंची मिळवायला शरीर खालचं हाड मागं सारतं. म्हणजे हाड वाचवायचं तर आधी हिरडी जाड करायची! 1986 मध्ये आल्ब्रेक्टसन या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांटच्या यशाचा जो निकष घालून दिला त्यात पहिल्या वर्षानंतर दर वर्षी हाडाची 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी झीज चालते. एका इम्प्लांटसाठी एवढी कडक मोजणी.

मिश्री, तंबाखू, विडी-सिगारेट हे सगळे त्या हिरडीचे वैरी आहेत. आपल्याकडे सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका अजून कमी नाहीत, त्यांना हे पोटतिडकीनं सांगते. मधुमेह ताब्यात नसेल तर हाड नीट धरत नाही, जखम रेंगाळते. हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कर्करोगात हाडांसाठी जी औषधं देतात ती चालू असतील तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. ती लपवण्यानं जबडा धोक्यात येतो. इम्प्लांटवरची दाताची कॅप सिमेंटनं चिकटवली असेल तर हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कणसुद्धा सूज धरतो, म्हणून स्क्रूनं बसणारी कॅप शक्य आहे का हेही विचारून घ्यावं.

मी आता रात्री दात घासल्यावर इंटरडेंटल ब्रश त्या दाढेच्या दोन्ही बाजूंनी फिरवते आणि सहा महिन्यांनी तपासायला जाते. डॉक्टर बारीक सळईनं हिरडी हलकेच चाचपतात, रक्त येतंय का पाहतात. येत नाही!

तुमची किंवा घरच्या कुणाची दाढ काढायची वेळ आली, तर ती काढण्याआधी डॉक्टरांना विचारा की त्याच वेळी खाचेत ग्राफ्ट घालून हाड राखता येईल का. सगळ्यांना ते लागतंच असं नाही, पण प्रश्न त्या दिवशीच विचारायचा असतो. आणि ज्यांचं इम्प्लांट आधीच झालंय त्यांनी कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्यावा आणि फाइलला लावून ठेवावा. पुढं कधीही हाड किती गेलं हे ठरवायचं झालं, तर डॉक्टर त्याच एक्स-रेशी ताडून पाहतात.